गुंडाचा विनोद कोठें चुकला?

एक चित्रपट पाहिला आणि हंसूं आलें नाहीं, एवढीच तक्रार घेऊन ध्वनिक्षेपकासमोर बसणें कोणास पोरकटपणाचें वाटेल. ज्यास हंसूं येईल त्यानें हंसावें, न येईल त्यानें उठून जावें. त्यावर भाषण कसलें करावयाचें? परंतु कांहीं अपयशें अशीं असतात कीं, त्यांपासून यशापेक्षांहि अधिक शिकावयास मिळतें. वर्गांत नेहमीं बरोबर उत्तर देणारा मुलगा शिक्षकास फारसें कांहीं शिकवीत नाहीं. हुशार असून चुकलेला मुलगा मात्र शिकवितो. आज मी अशाच एका हुशार परंतु चुकलेल्या बोलपटाविषयीं बोलणार आहें.

त्या बोलपटाचें नांव 'माय ब्लू हेवन', म्हणजे 'माझा निळा स्वर्ग'. तो १९९० च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंत प्रदर्शित झाला. मीं तो अलीकडे घरीं बसून, दोन नातवंडांच्या संगतींत पाहिला. पहिला अर्धा तास तीं दोघें मनापासून हंसलीं. पुढें त्यांचें हंसणें विरळ झालें, आणि चित्रपट संपण्याच्या सुमारास पाहतों तों खोलींत मी एकटाच उरलों होतों. इतका चांगला आरंभ केलेल्या गोष्टीचा असा शेवट कां व्हावा, हा प्रश्न तेव्हांपासून माझ्या मनांत घोळत आहे.

गोष्टीचें बीज फार चांगलें आहे. अमेरिकेंत १९७० सालीं संघटित गुन्हेगारीस आळा घालण्यासाठीं एक कायदा झाला. टोळीचे गुंड एकमेकांविरुद्ध कधींच तोंड उघडीत नसत. जो उघडी तो फार दिवस जगत नसे. म्हणून त्या कायद्यानें अशी तजवीज केली कीं, जो गुंड आपल्या साथीदारांविरुद्ध न्यायालयांत साक्ष देईल, त्यास सरकारनें नवें नांव, नवे कागदपत्र आणि दूरच्या गांवीं नवें घर द्यावें, आणि त्याच्या जिवाचें रक्षण करावें. प्रत्यक्षांत हें काम मार्शल नांवाच्या सरकारी अधिकाऱ्यांचें खातें करतें. बोलपटांत तें एफ्. बी. आय्. या केंद्रीय गुप्त पोलिस खात्याकडे दिलें आहे. तो कांहीं मोठासा दोष नव्हे. आपण बीज पाहूं या. ज्यानें जन्मांत एक दिवसहि घाम गाळून भाकरी मिळविली नाहीं, त्यास सरकार स्वतःच्या खर्चानें सभ्य गृहस्थ बनवूं पाहतें! दरोडेखोराच्या हातीं बागेची कात्री द्यावयाची आणि शेजाऱ्यांना सुप्रभात म्हणावयास शिकवावयाचें! कल्पना ऐकतांच ओठांवर हंसूं येतें.

या बीजाचा उगमहि मोठा मनोरंजक आहे. न्यूयॉर्कच्या एका टोळींत वावरलेला हेन्री हिल नांवाचा एक खराखुरा इसम होता. १९८० सालीं अमली पदार्थांच्या प्रकरणांत तो पकडला गेला, जीव वांचविण्यासाठीं सरकारी साक्षीदार झाला आणि कुटुंबासह या संरक्षणाखालीं गेला. निकोलस पिलेजी या वृत्तपत्रकारानें त्याच्या तोंडून सारी हकीकत काढून १९८५ मध्यें 'वाइजगाय' हें पुस्तक लिहिलें. त्या पुस्तकावरून मार्टिन स्कॉर्सेसी यांनीं 'गुडफेलाज' हा गंभीर चित्रपट केला. त्याची पटकथा लिहिण्यांत पिलेजीहि होतेच. आतां 'माय ब्लू हेवन'ची लेखिका कोण? नोरा एफ्रन, आणि १९८७ पासून त्या पिलेजी यांच्या पत्नी होत्या. पतीनें हिलचें टोळींतील आयुष्य रंगविलें. अशा माणसाचें साक्ष दिल्यानंतर काय होत असेल, तें पत्नीनें विनोदाच्या अंगानें कल्पिलें. दोन्ही चित्रपट एका महिन्याच्या अंतरानें लोकांपुढें आले. एकाच घरांतून, जवळजवळ एकाच सामग्रींतून, दोन पक्वान्नें निघालीं. त्यांपैकीं गंभीर होतें तें आज अभिजात मानलें जातें, आणि विनोदी होतें त्याची आठवण हौशी प्रेक्षकांपुरतीच राहिली आहे.

बोलपटाची कथा थोडक्यांत सांगतों. व्हिनी अँटोनेली हा न्यूयॉर्कचा गुंड. हें काम स्टीव्ह मार्टिन या नामवंत विनोदी नटानें केलें आहे. सरकार त्यास टॉड विल्किन्सन असें सोज्ज्वळ नांव देऊन कॅलिफोर्नियांतील फ्रेझर नांवाच्या एका कल्पित गांवीं आणून ठेवतें. त्याच्यावर देखरेख करणारा अधिकारी बार्नी कूपरस्मिथ, म्हणजे नट रिक मोरॅनिस, हा नियमानें झोंपणारा आणि नियमानें उठणारा, अतिशय काटेकोर असा लहानखुरा मनुष्य. व्हिनीची बायको त्या नीरस गांवास कंटाळून त्यास सोडून जाते. बार्नीची बायको बार्नीच्या नीरसपणास कंटाळून निघून जाते. व्हिनी गांवांत पुन्हां लहानमोठे गुन्हे करूं लागतो. हॅना नांवाची सरकारी वकीलबाई त्यास पकडते. आणि साक्ष होईपर्यंत तो तुरुंगांत जातां कामा नये म्हणून बिचारा बार्नी त्यास दर वेळीं सोडवून आणतो. एका चोरास दुसऱ्या मोठ्या चोरांसाठीं जपून ठेवण्याचें हें संकट खरोखरच मौजेचें आहे.

या चित्रपटांत जें चांगलें आहे तें आधीं मोकळेपणानें मान्य करूं या. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत हास्याचीं जीं कारणें सांगितलीं आहेत, त्यांत विकृत वेष, धार्ष्ट्य, हांवरेपणा आणि असंबद्ध बोलणें यांचा समावेश आहे. व्हिनीच्या ठिकाणीं हीं चारहि आहेत. साध्या कपड्यांत वावरणाऱ्या शेजाऱ्यांमध्यें तो चकचकीत रेशमी सुटांत फिरतो. भाजीच्या दुकानांत जाऊन आरुगुला नांवाची इटालियन लोकांची आवडती पालेभाजी मागतो. दुकानांतल्या पोरास तें नांवहि ठाऊक नसतें, आणि ती एक भाजी आहे हें सुद्धां व्हिनीला अक्षरें फोडून सांगावें लागतें. जो भेटेल त्याच्या हातावर तो बक्षिशी ठेवतो. पहारा करणाऱ्या पोलिसांनाहि तो सोडीत नाहीं. सर्वांत गंमतीची कल्पना ही कीं, सरकारनें अशा पुष्कळ साक्षीदारांना याच गांवीं आणून ठेवलें आहे! व्हिनीला एक जुना ओळखीचा चेहरा दिसतो, मग दुसरा, आणि पाहतां पाहतां त्या सोंवळ्या गांवांत न्यूयॉर्कच्या टोळीची एक शाखाच उघडते. शिवाय दिग्दर्शक हर्बर्ट रॉस हे मूळचे नृत्यदिग्दर्शक. त्यामुळें व्हिनी बार्नीला मेरेंगे नांवाचा नाच शिकवितो तेथें चित्रपटास क्षणभर पंख फुटतात. तो ताठ मनुष्य हळूहळू कमरेंत वांकूं लागतो, आणि आपणहि खुर्चींत सैल होऊन बसतों.

मग चुकलें कोठें? माझ्या मतें चूक एकच आहे, आणि बाकीच्या साऱ्या चुका तिच्याच लेकी आहेत. या गुंडाची कोणालाच भीति वाटत नाहीं. पहिल्या प्रसंगापासून तो गोड आहे, उदार आहे, बायकांशीं अदबीनें वागणारा आहे. त्यानें पूर्वीं काय केलें असेल याची सांवलीहि पडद्यावर पडत नाहीं. त्याचे जुने साथीदार त्याच्या जिवावर उठले आहेत असें आपणांस सांगितलें जातें. परंतु ती भीति कथानकाची गाडी पुढें ढकलण्यापुरतीच आहे. व्हिनी घाबरत नाहीं, म्हणून आपणहि घाबरत नाहीं. हॅना त्यास कडवा विरोध करते, परंतु ती बार्नीच्या प्रेमांत पडणार हें आपण तिच्या दुसऱ्या प्रवेशांतच ओळखतों. म्हणजे ज्या चार भिंतींवर विनोदाचा चेंडू आपटून उसळावयाचा, त्या भिंतीच मुळीं कापसाच्या आहेत. चेंडू जाऊन आपटतो आणि तेथेंच रुतून बसतो.

'सभ्य वस्तींत आलेला गुंड' या कल्पनेंतील गंमत विरोधांत आहे. विरोधास दोन्ही टोंकें बळकट लागतात. वाघ शेळ्यांच्या कळपांत येऊन गवत खाण्याचा प्रयत्न करील तर हंसूं येईल. परंतु तो वाघ आहे हें आधीं पटावयास हवें. येथें वाघाचें कातडें पांघरलेली एक शेळी दुसऱ्या शेळ्यांत येते, आणि दीड तास त्यांचें छान जमतें.

कोणी म्हणेल, विनोदांत भीति कशाला? अरिस्टॉटलनें तर असें म्हटलें आहे कीं, ज्यापासून वेदना होत नाहीं आणि नाश होत नाहीं असा दोषच हास्याचा विषय होतो. मग खुनी मनुष्य विनोदांत बसवावयाचा तर त्याचे दांत काढल्यावांचून गत्यंतर काय? हा आक्षेप वजनदार आहे. परंतु त्याचें उत्तर या चित्रपटाच्या पूर्वीं एकतीस वर्षें दिलें गेलें होतें. बिली वाइल्डर यांचा 'सम लाइक इट हॉट' हा बोलपट १९५९ सालचा. १४ फेब्रुवारी १९२९ रोजीं शिकागो शहरांत एका मोटारखान्यांत सात माणसांना भिंतीशीं उभें करून गोळ्या घालण्यांत आल्या होत्या; त्या हत्याकांडाच्या धर्तीवरचा प्रसंग वाइल्डर यांनीं आपल्या विनोदी चित्रपटाच्या आरंभींच ठेवला. दोन गरीब वाजंत्री तो पाहतात आणि जीव वांचविण्यासाठीं स्त्रीवेष घेऊन बायकांच्या वाद्यवृंदांत शिरतात. पुढचा सारा धुमाकूळ त्या एका भीतींतून निघतो. टोळीचा नायक झालेला जॉर्ज राफ्ट हा पूर्वीच्या गंभीर गुंडपटांतला प्रसिद्ध नट. वाइल्डर यांनीं त्यास विदूषक होऊं दिलें नाहीं. मारणारा गंभीर राहिला आणि पळणारे हास्यास्पद झाले. म्हणून अरिस्टॉटलचा नियमहि राहिला आणि भयहि राहिलें. उंच टांचांचे जोडे घालून अडखळणाऱ्या त्या दोघांना पाहून आपण जें खदखदून हंसतों, त्याचें कारण हेंच कीं, अडखळून पडले तर ते मरतील हें आपणांस ठाऊक आहे.

आतां त्याच घरांतल्या दुसऱ्या चित्रपटाकडे, म्हणजे 'गुडफेलाज'कडे वळूं. तो विनोदी म्हणून केलेलाच नाहीं. तरी त्यांत एक प्रसंग असा आहे कीं, तेवढें हंसूं 'माय ब्लू हेवन'मध्यें सबंध मिळून येत नाहीं. उपाहारगृहांत मित्रमंडळी बसली आहेत. टॉमी नांवाचा गुंड एक किस्सा रंगवून सांगत आहे. हें काम जो पेशी या नटानें केलें आहे. सारे पोट धरून हंसतात. हेन्री सहज म्हणतो कीं, तूं मोठा मजेदार माणूस आहेस. टॉमीचा चेहरा एकदम बदलतो. मजेदार म्हणजे काय, मी काय लोकांच्या करमणुकीसाठीं आहें, असें तो विचारूं लागतो. मेजाभोंवतीं स्मशानशांतता पसरते. कोणी श्वास घेत नाहीं. प्रेक्षकहि घेत नाहीं. शेवटीं हेन्रीच्या ध्यानांत येतें कीं हीहि थट्टाच होती, आणि जो हशा फुटतो तो सुटकेचा हशा असतो. परंतु प्रसंग तेथें संपत नाहीं. उपाहारगृहाचा मालक थकलेल्या बिलाची गोष्ट काढतो, आणि तोच मजेदार टॉमी त्याच्या डोक्यावर कांच फोडतो. मंडळी पुन्हां हंसतात. मालक हंसत नाहीं. श्रोतेहो, या न हंसणाऱ्या मालकाकडे मी थोड्या वेळानें परत येणार आहें.

याच 'गुडफेलाज'च्या शेवटीं हेन्री सरकारी संरक्षणाखालीं एका नीरस वस्तींत राहावयास जातो. येथें धड जेवणहि मिळत नाहीं. सॉस घातलेल्या शेवया मागवाव्या तर भलतेंच कांहीं पुढें येतें, अशी कुरकुर तो करतो. त्यास केल्या कर्मांचा पश्चात्ताप नाहीं. आतां आपण चारचौघांसारखे झालों, याचेंच त्यास दुःख आहे. तें ऐकून आपण हंसतों आणि हंसतां हंसतां अंगावर कांटा येतो. जी कुरकुर तेथें अर्ध्या मिनिटांत संपते, तिच्यावरच 'माय ब्लू हेवन'चा सारा डोलारा उभा आहे. परंतु त्या अर्ध्या मिनिटामागें दोन तासांचें रक्त आहे. डोलाऱ्यामागें कांहींच नाहीं.

वास्तविक खऱ्या हेन्री हिलच्या पुढच्या चरित्रांतच विनोदी लेखकास हवी ती सामग्री होती. सरकारनें त्यास नवें आयुष्य दिलें, आणि तो त्या नव्या आयुष्यांतहि जुनेच धंदे करीत राहिला. १९८७ मध्यें अमली पदार्थांच्या प्रकरणांत तो पुन्हां सांपडला, आणि शेवटीं त्या संरक्षणयोजनेंतून त्यास काढून टाकण्यांत आलें. २०१२ सालीं तो वारला. ज्यास नांव बदलतां येतें परंतु स्वभाव बदलतां येत नाहीं, ज्याच्या रक्षणासाठीं सरकार आपल्याच कायद्याशीं लपंडाव खेळतें, अशा मनुष्याची ही कथा एकाच वेळीं हंसविणारी आणि लाजविणारी झाली असती. एफ्रनबाईंना तें दिसलें नव्हतें असें नाहीं. पहिला अर्धा तास त्यांना तें चांगलें दिसत आहे. पुढें मात्र त्यांनीं गोडाची वाट धरली. व्हिनी गांवच्या मुलांसाठीं चेंडूफळीसारख्या त्यांच्या बेसबॉल खेळाचें मैदान बांधण्याकरितां वर्गणी गोळा करतो. हॅनाला संशय येतो, आपणांसहि येतो. आणि पैसे खरोखरच मैदानाकडे गेलेले निघतात! सारें गांव त्याचा जयजयकार करतें. गुंड सुधारला कीं गांव बिघडलें, हा जो चांगला प्रश्न होता तो विचारण्यापूर्वींच पडदा पडतो.

विनोदानें नीतिपाठ द्यावा असें माझें म्हणणें नाहीं. चाळीस वर्षें पाठ दिलेल्या मनुष्यास त्याचें अपुरेपण चांगलें ठाऊक असतें. माझें म्हणणें इतकेंच कीं, हा चित्रपट ज्या ठिकाणीं खोटा झाला त्याच ठिकाणीं बेचव झाला. हे दोन दोष नसून एकच दोष आहे. हिलच्या टोळीनें १९७८ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर लुफ्तान्सा कंपनीच्या कोठारांतून सुमारें ५० लाख डॉलर रोख लुटले. त्या लुटीशीं संबंध असलेलीं माणसें पुढें एकामागून एक मारलीं गेलीं. व्हिनीच्या मागेंहि असें कांहींतरी असलेंच पाहिजे. नाहीं तर त्याच्या साक्षीला एवढें मोल कां? परंतु चित्रपट त्या बाजूस चुकूनहि मान वळवीत नाहीं. न हंसणारा माणूस त्यानें चौकटींतूनच बाहेर काढला आहे.

आतां एक कबुली देतों, कारण ती दिल्यावांचून फ्रेझर गांवच्या भोळ्या लोकांना नांवें ठेवण्याचा अधिकार मला नाहीं. फार वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. अभ्यासांत यथातथाच, परंतु बोलण्यांत असा तरबेज कीं, त्यास रागावण्यासाठीं तोंड उघडावें आणि हंसूं फुटावें. तो लहान मुलांच्या खाऊच्या पैशांवर कर बसवितो अशी कुणकुण माझ्या कानांवर होती. एके दिवशीं मीं त्यास वर्गांतच जाब विचारला. त्यानें सरकारी जमाखर्च वाचावा तशा थाटांत असें कांहीं उत्तर दिलें कीं, सारा वर्ग हंसला, आणि मीहि हंसलों. हंसतां हंसतां माझें लक्ष शेवटच्या बांकाकडे गेलें. तेथें एक किरकोळ मुलगा बसला होता. तो त्या पोराकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता. आणि तो हंसत नव्हता. मीं त्यानंतर त्या खोडकर पोरास शिक्षा केली, पैसे परत करविले, सारें यथासांग केलें. परंतु त्या किरकोळ मुलानें शाळा सोडीपर्यंत आपलें कोणतेंहि गाऱ्हाणें माझ्यापाशीं आणलें नाहीं. आपले गुरुजी कोणाच्या बाजूनें हंसतात, तें त्यानें एकदां पाहिलें होतें.

तेव्हांपासून कोठेंहि मोठा हशा झाला कीं माझी दृष्टि आपोआप शेवटच्या बांकाकडे जाते. उत्तम विनोदकार तेथें आधींच जाऊन आलेला असतो, असें मला आढळलें आहे. वाइल्डर यांना त्या सात माणसांची आठवण होती. स्कॉर्सेसी यांनीं उपाहारगृहाच्या मालकास विसरूं दिलें नाहीं. म्हणून त्यांच्या हंशास वजन आहे. 'माय ब्लू हेवन'मध्यें शेवटचा बांकच नाहीं. सारा वर्ग पुढच्या बांकांवर बसून एकसारखा हंसत आहे, आणि आपण दारांत उभे राहून, हे एवढे कशाला हंसतात, असा विचार करीत आहों.

भरतमुनींनीं हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांचा आरंभ स्मितापासून होतो आणि शेवट अतिहसितांत, म्हणजे डोळ्यांत पाणी येईपर्यंतच्या हंसण्यांत होतो. 'माझा निळा स्वर्ग' आपणांस स्मितापर्यंत नेऊन सोडतो. कधीं कधीं, त्या नाचाच्या वेळीं, एखादी पायरी वर चढवितो. रविवारच्या दुपारीं तेवढेंहि पुष्कळ आहे असें कोणी म्हटल्यास मी भांडणार नाहीं. आपण तो अवश्य पाहावा. मात्र पाहतांना जेथें आपलें हंसूं ओसरूं लागेल तेथें क्षणभर थांबून, या गांवांत न हंसणारा माणूस कोठें गेला, एवढें स्वतःस विचारावें. माझीं नातवंडें उठून गेलीं तीं नेमकीं त्याच सुमारास गेलीं असावींत, असें मला वाटतें.